ग्रहणात कापलेला आग्या

आग्या हा टीव्हीवरच्या खेळातला शत्रू. उंचीनं माझ्या करंगळीएवढा. दोन पायांवर चालणारी ज्योत, तिला दोन पांढरे डोळे, तोंड नाही. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा, टोक आलं की वळायचा आणि परत यायचा. खेळातला आपला तलवारवाला माणूस त्याला नुसता शिवला तरी एक लाइफ गेली. त्याचं खरं नाव काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण कॅसेटवरच्या कागदावर सगळी चिनी अक्षरं. आग्या हे नाव आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलं. त्यांच्या गावाकडं रानात अंधारात आग नाचताना दिसली की आग्या वेताळ निघाला म्हणत. हा त्याचा धाकटा भाऊ, असं त्यांचं म्हणणं. या करंगळीएवढ्या आगीनं माझ्या बापाला आतून खाल्लं, आणि तिच्या तोंडी त्यांना देणारी मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मी कुणाला बिचारी वाटायला नको.

आप्पा फौजेत सिग्नलला होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. कशावर म्हणून विश्वास नसलेला माणूस. शनिवारी केस कापायचे, अमावास्येला प्रवासाला निघायचे, मांजर आडवं गेलं तर त्याला जयहिंद करून पुढं जायचे. आई दोघांच्या वाटचे उपास करायची. या माणसाचं पाप इतकं आहे की एकटीच्या उपासानं भागत नाही, असं ती म्हणायची. मग साबुदाण्यात तूप जरा कमी घाल, पाप तिथनंच वाढतंय, असं आप्पांचं उत्तर ठरलेलं. मला बहीणभाऊ नव्हते, मी एकटीच. त्यामुळं या भांडणाचा पंच म्हणून लहानपणापासून माझीच नेमणूक होती, आणि मी नेहमी आप्पांच्या बाजूनं निकाल द्यायची.

तो खेळ दुकानात दुरुस्तीला आला होता. काळं खोकं, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. अडॅप्टर जळला होता. आप्पांनी तो बदलला, पण गिऱ्हाइकाची बदली झाली की काय कोण जाणे, ते परत आलंच नाही. मग चालतोय का बघतो म्हणून आप्पा रोज दुपारी खेळ टीव्हीला जोडायचे. चालतोय का बघायला सहा महिने लागतात होय, असं आई भांडी घासता घासता विचारायची. साठीला आलेला मिशाळ फौजी गडी चटईवर मांडी घालून बसलेला, आणि तलवारवाल्यानं उडी मारली की तोही जागच्या जागी वर उठायचा. माहेरी आले की मी त्यांना खूप हसायची.

पाचव्या स्टेजला एक अरुंद पूल होता. खाली उकळता लाव्हा, पुलावर आग्या. बाकी ठिकाणी त्याच्यावरून उडी मारून सुटता यायचं, इथं वरचं छत इतकं खाली की उडी बसायचीच नाही. कापावं तर आग्या मरत नसे. मधोमध चिरून त्याचे दोन होत, निम्म्या उंचीचे. त्या निम्म्यावरून उडी बसायची, पण ती कापल्या कापल्या मारावी लागे. आप्पांची खोड अशी की तलवार चालवली की ते क्षणभर बघत बसत, कसं कापलं म्हणून. तेवढ्यात मागचा अर्धा येऊन चिकटे. सहा महिने ते त्या पुलावर मरत होते.

माझं लग्न सांगलीत झालं होतं. नवरा हळदीच्या वखारीत कामाला, घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. सासूबाई फार लवकर विधवा झालेल्या, एकट्या मुलावर आयुष्य काढलेल्या, बोलायला कडक. पंच्याण्णव साली मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं सातव्या महिन्यात ओटी भरून मला साताऱ्याला पाठवलं. दुपारी आई लवंडली की मी आणि आप्पा चटईवर. माझं पोट आडवं यायचं म्हणून आप्पा मला उशी द्यायचे आणि रिमोटची वायर माझ्या बाजूला सैल सोडायचे. आयुष्यात मी त्यांच्याशी इतकं कधीच बोलले नव्हते, आणि तेही सगळं आग्याबद्दल.

त्या वर्षी दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण आलं. सांगलीहून सासूबाईंचं कार्ड आलं होतं, सुनेला ग्रहण नीट पाळायला लावा. आईला ते सांगायची गरजच नव्हती. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरलं की पोराचा ओठ चिरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं आदल्या रात्रीच विळी, सुरी, कात्री, माझी विणायची सुई, एवढंच काय नेलकटरसुद्धा गोळा करून ट्रंकेत घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. पाण्यात तुळशीपत्र टाकलं. मधल्या खोलीच्या खिडकीवर घोंगडी अडकवली. मला पाटावर बसवून बजावलं की कापायचं नाही, चिरायचं नाही, काही मोडायचं नाही, बोटंसुद्धा मोडायची नाहीत, मोक्ष होईपर्यंत पाणी नाही. आणि टीव्ही लावायचा नाही, कारण टीव्हीवर ग्रहणच दाखवणार होते आणि काचेतून दिसलं तरी ते दिसणंच.

मी कुरकुर केली. तीन तास नुसतं भिंतीकडं बघत कोण बसणार. आप्पा म्हणाले, चॅनेल नको ना, मग खेळ लावतो, खेळात काही सूर्य नाही. आईनं विचार केला, खेळात सूर्य नाही हे तिलाही पटलं, आणि ती स्वयंपाकघरात देवापुढं जपाला बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते असं. ग्रहणाची आग मला दिसू नये म्हणून माझ्या बापानं माझ्यापुढं आग्या आणून ठेवला.

बाहेर दे दान, सुटे गिऱ्हाण अशी हाळी चालली होती. खोलीत अंधार, टीव्हीचा उजेड आमच्या गुडघ्यांवर. आप्पा दोनदा पुलावर मेले आणि शेवटची लाइफ उरल्यावर त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी चालत गेले, आग्या समोरून आला, मी तलवार मारली. त्याचे दोन झाले. मी थांबले नाही. समोरच्या अर्ध्यावरून उडी मारली आणि पुलाच्या पलीकडं. आप्पांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि आतून आईचा जप ऐकू आला म्हणून तसेच हवेत धरले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा आम्हाला सहावी स्टेज दिसली. तिथं नुसतं निळं आकाश होतं. आम्ही दोघं खुळ्यासारखे तोंड दाबून हसत होतो.

हे चिरणं झालं असं आप्पांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, हेही सांगायला हवं. तलवार उचलायच्या आधी अर्धा क्षण आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण मला पूल ओलांडायचा होता.

डिसेंबरच्या थंडीत मुलगी झाली. वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकपुडीपर्यंत उघडा. नर्सनं तिला माझ्याजवळ ठेवताना आधी तोंडावर दुपटं ओढलं होतं, मग हळूच काढलं. आई भिंतीला टेकली. मी रडले ते पोरीसाठी का माझ्यासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. त्या खोलीत शुद्धीवर असलेला एकच माणूस होता, आप्पा. त्यांनी वाकून, चष्मा कपाळावर सारून, एखादं बंद पडलेलं यंत्र बघावं तसं तिचं तोंड बघितलं आणि म्हणाले, तुटलेलं जोडता येतं, फौजेत शिवताना बघितलंय, मिरजेला शिवतात. तिला ओढून पिता येत नव्हतं. आई बोंडल्यानं दूध पाजायची तर अर्धं नाकातून बाहेर यायचं. आप्पांनी औषधाच्या ड्रॉपरला दुकानातली मऊ रबरी नळी बसवली, उकळून आणली, आणि तिला जिभेच्या मागं थेंब थेंब सोडायला आईला शिकवलं. पहिले बारा दिवस ते तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि सैन्यातल्या हिंदीत तिच्याशी बोलायचे. ती त्यांच्याकडं टक लावून बघायची.

बाराव्या दिवशी बारशाला सासूबाई आल्या. माझा नवरा तिसऱ्या दिवशीच येऊन बघून गेला होता; त्यानं घरी जाऊन ओठ थोडा फाटका आहे एवढंच सांगितलं होतं. थोडा हा शब्द त्याच्या तोंडात फार असतो. सासूबाईंनी दुपटं बाजूला केलं. मग त्यांनी आईला विचारलं, ग्रहणात हिनं काय चिरलं. आईनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की विळीसुद्धा ट्रंकेत होती. सासूबाईंचा तिच्यावर विश्वास बसला. तेच वाईट झालं.

"मग हे रगतातच असंल," त्या आप्पांकडं वळून म्हणाल्या. "पावनं, तुमच्यात आधी कुणाला हुतं का असलं? हुतं तर लग्नाआधी सांगायचं व्हतं."

माझा नवरा जमिनीकडं बघत होता. रक्तातलं म्हटलं की पुढचं पोरही तसंच होणार, मग अशी सून परत कशाला न्यायची, इथपर्यंतचा रस्ता मला त्या एका वाक्यात लख्ख दिसला. आमच्या गल्लीत अशी परत न नेलेली एक होती, तिच्या दारावरून मी शाळेत जायची. मला भीती वाटली. भीती वाटली की माणूस जवळचं हाताला लागेल ते पुढं करतं, आणि माझ्या सगळ्यात जवळ आप्पा होते.

"मी न्हाई काय चिरलं," मी म्हणाले. "आप्पांनी टीव्हीवरचा खेळ दिला खेळायला. त्यात तलवार हुती. मी आग कापली."

आप्पांना आधी हसूच आलं. आवं, त्यो खेळ हाय, एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही हसेन अशी त्यांची अपेक्षा होती. इतक्या वर्षांचा पंच त्यांच्या बाजूनं निकाल देईल अशी. मी मान खाली घातली. मग त्यांनी बाळाकडं बघितलं, ओठाच्या त्या फटीकडं, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. तो बदलताना मी बघितला. आग्या मधोमध कसा दुभंगायचा ते त्यांना आठवलं असणार. माझ्या बापानं माझ्या सासूपुढं हात जोडले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

सासूबाई त्यावर फार बोलल्या नाहीत. एवढं म्हणाल्या की शिकलेल्या माणसाला एवढी अक्कल असायला पाहिजे होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण माझं काम झालं. दोष रक्ताचा नव्हता, म्हणजे माझा नव्हता. दोष एका सकाळच्या खेळाचा होता, आणि तो साताऱ्याचा होता. बारसं झालं. पाळण्याच्या वेळी आप्पा बाहेर दुकानात जाऊन बसले. त्या दिवसानंतर त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं नाही. ड्रॉपरची नळी उकळून आणायचे आणि आईच्या हातात देऊन जायचे.

मी सांगलीला परत आले ती वाजतगाजत नसली तरी मानानं. सासूबाई पोरीवर जीव टाकू लागल्या. कुणी ओठाबद्दल विचारलं की त्या साताऱ्याच्या व्याह्यांची आणि त्या खेळाची गोष्ट सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायच्या, आमच्या सुनेचा त्यात काय दोष. ते ऐकताना मला बरं वाटायचं. लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

पोरीला तिसरा महिना संपताना आम्ही मिरजेला ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडं गेलो. वयस्कर, शांत माणूस. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच विचारलं की घरात तुम्हाला ग्रहणाचं काही म्हणाले का. सगळ्याच आया ते मनात घेऊन येतात म्हणे. मग त्यांनी कागदावर पेन्सिलीनं एक छोटं तोंड काढलं आणि समजावून सांगितलं. ओठाचे भाग दुसऱ्या महिन्यात एकमेकांना येऊन जुळतात. कधी कधी जुळत नाहीत, आणि ते का, हे नेहमी सांगता येत नाही. ग्रहण तुमच्या सातव्या महिन्यात होतं ना, तोवर हे होऊन पाच महिने झाले होते. मी बोटांवर मोजलं. त्या दुसऱ्या महिन्यात मला दिवस गेलेत हेसुद्धा मला नीट ठाऊक नव्हतं.

परत येताना बसमध्ये नवरा म्हणाला, घरात हे सांगायला नको, आईला पटणार नाही, उलट पुन्हा रक्ताचं सुरू होईल. मी बरं म्हणाले. त्याचं चूक नव्हतं. पण माझ्या मनात दुसरी एक गोष्ट आली होती, की आता आप्पांना सांगायला पाहिजे, आणि तिच्यापाठोपाठ लगेच तिसरी आली. आप्पांना सांगितलं की आईला कळणार, आईला कळलं की ती गप्प बसणार नाही, सणाला आल्यावर ती सासूबाईंना ऐकवणार, आणि मग निवलेली चूल पुन्हा पेटणार. ऑपरेशन होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं. ऑपरेशन झालं, ओठ जुळला, वर नुसती एक रेघ राहिली. मग म्हटलं, पोरगी जरा मोठी होऊ दे. बघू हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात माणसाला वर्षानुवर्षं राहता येतं.

दरम्यान साताऱ्यात माझा बाप बदलत होता, आणि ते मला आईच्या पत्रांतून कळत होतं. आईला आधी आनंद झाला होता. खेळ त्यांनी माळ्यावर टाकला होता. शनिवारी दुकान बंद ठेवून ते मारुतीला तेल घालायला जाऊ लागले. मग अमावास्येचा उपास धरला. कुणीतरी रहिमतपूरचे एक गुरुजी सांगितले, त्यांच्याकडं जाऊन ग्रहणाची शांत करून आले. चंद्रग्रहण असलं तरी आदल्या दुपारपासून पाणीसुद्धा घेत नसत. साखरेचा आजार झाला तरी उपास सोडेनात, तेव्हा आईनं घाबरून लिहिलं की यांना तू काहीतरी सांग, माझं ऐकत नाहीत. ज्या बाईनं जन्मभर त्यांच्या वाटचे उपास केले तिलाच आता त्यांचे उपास बघवत नव्हते. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. उत्तरात लिहिलं की आप्पा, तब्येतीला जपा.

सांगलीला ते येत, पण घरी येत नसत. आईनं दिलेली पिशवी घेऊन वखारीत नवऱ्याकडं जायचे, ती देऊन, पोरगी बरी आहे ना विचारून, परतीच्या गाडीनं निघून जायचे. एकदा मी पोरीला घेऊन स्टँडवर त्यांना गाठलं. दोन वर्षांची होती, आजोबा म्हणायला शिकवून आणली होती. तिनं म्हटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या कानातल्या डुलाकडं बघत राहिले. तोंडाकडं नाही. गाडी लागली होती, गर्दी होती, पोरगी भेळ मागत होती. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी त्यांना विचारलं की साखर तपासली का.

नव्व्याण्णव साली मला पुन्हा दिवस होते आणि पुन्हा सूर्यग्रहण आलं. या वेळी आषाढातल्या दिव्यांच्या अमावास्येला, संध्याकाळच्या वेळी. मी सांगलीतच होते, पाचवा महिना. सकाळी दार वाजलं तर आप्पा. चार वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या उंबऱ्यावर. पहिल्या गाडीनं निघाले होते, मिशा पांढऱ्या झालेल्या, हातात एक पिशवी. सासूबाई पितळी दिवे घासत बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलं. आप्पांनी नमस्कार केला आणि म्हणाले, आज पोरीजवळ बसतो, परवानगी असली तर. सासूबाईंनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चहा टाकते म्हटलं. आप्पांनी चहा घेतला नाही. कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं.

दुपारी त्यांनी घरभर फिरून विळी, सुऱ्या, कात्र्या गोळा केल्या. ते आईचं काम होतं, ते ज्याला हसायचे ते. खिडकीला चादर बांधली. मला भिंतीला टेकवून पाय सरळ करून बसवलं आणि स्वतः खोलीच्या उंबऱ्यात माळ घेऊन बसले. बाहेर पावसाळी आभाळ होतं, सूर्य तसाही दिसणार नव्हता. पोरगी आजीजवळ ओसरीवर होती. तिचा आवाज आला की आप्पांची माळ थांबायची आणि मग जरा जोरात सुरू व्हायची. ते उपाशी होते. ओठ कोरडे पडून फुटले होते. हा माणूस मांजराला जयहिंद करायचा. मला ते बघवेना.

"आप्पा," मी म्हणाले, "तिचा ओठ गिऱ्हाणानं न्हाई फाटला. दुसऱ्या म्हैन्यातच तसा झाला हुता. मिरजंच्या डॉक्टरनी सांगितलंय. खेळाचा काय संबंध न्हाई त्यात. तुमचा बी न्हाई."

माळ थांबली.

"कवा सांगितलं डॉक्टरनी?"

"ऑपरेशनाच्या आधी."

"म्हंजी लय वर्सं झाली त्याला."

"व्हय."

त्यांनी माळ मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मी पाय धरले असते, रडले असते, सगळं सांगितलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पूर्वीच्या मायेनं बघितलं.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "तसं असतं तर तू दुसऱ्या दिशी पैली गाडी धरून साताऱ्याला आली असतीस. मला एवढी वर्सं असं बसवून ठिवणारी तू न्हवंस. तुला मी वळखत न्हाई व्हय? माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगतीयास."

खरं पटवून द्यायचं तर एकच वाट होती. मला ठाऊक होतं आणि तरी मी तुम्हाला तसंच बसवून ठेवलं, कारण तुमच्या माथी दोष होता तोवर माझा संसार सुखाचा होता, हे म्हणायचं. ते म्हटलं असतं तर त्यांचा अपराध गेला असता आणि त्यांची मुलगीही गेली असती, म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढं कित्येकदा स्वतःला समजावलं. त्या क्षणी असलं काही डोक्यात नव्हतं. मला फक्त त्यांच्या नजरेतून उतरायची भीती वाटली.

"तसंच न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मनगटावरचं घड्याळ उजेडाकडं धरून बघितलं. मोक्षाला अजून वीस मिनिटं आहेत, पाय हलवू नकोस, म्हणाले, आणि पुन्हा माळ ओढू लागले.